पापणीवर मोर

रंगीबेरंगी मेकअप लुक करायचा आणि तो करताना व्हिडीओ काढून इतरांना शिकवायचं, हा सध्या कॅम्पसमधला लाडका उद्योग आहे. लुक रात्री धुतला की जातो, व्हिडीओ मात्र राहतो. आणि तो बघून कुणीतरी स्वतःच्या डोळ्याला रंग लावत असतं...

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. घरात सगळे झोपलेत. बेसिनवरच्या आरशासमोर तुम्ही एका पापणीवर निळा आणि दुसऱ्या पापणीवर निळ्यासारखं काहीतरी लावून उभे आहात. नळाला टेकवलेल्या फोनवर चाळीस सेकंदांचं एक रील चौदाव्यांदा सुरू आहे. त्यातली मुलगी ब्रश एकदा फिरवते आणि पापणीवर थेट सूर्यास्त उतरतो. तुम्ही ब्रश वीसदा फिरवलाय. आता जे काही झालंय ते बघून सकाळी आई नक्की विचारणार, ‘डोळ्याला काय लागलं?’

हाताला दोष देऊ नका. त्या चाळीस सेकंदांत जे दाखवलंच नाही, तिथे खरी गडबड आहे. रंगाखाली काय लावलं होतं, एकूण किती वेळ लागला, डावा डोळा किती वेळा पुसून पुन्हा केला, यातलं काहीच त्यात नव्हतं. मला हे ठाऊक आहे, कारण मीही अगदी तसेच व्हिडीओ काढायचे. त्यातल्या एका व्हिडीओने मला चांगलाच धडा शिकवला. ती गोष्ट पुढे सांगतेच. आधी जरा रंगांबद्दल बोलू.

हे खूळ नवं नाही!

लग्नाला जाताना आपण जो मेकअप करतो, त्याचं काम चेहरा नीटनेटका दिसावा एवढंच असतं. डाग झाकायचे, डोळे मोठे दाखवायचे, ओठांना रंग द्यायचा. आर्टिस्टिक मेकअपला या झाकाझाकीत रस नसतो. पापणी, कपाळ, गाल ही इथे चित्र काढायची जागा असते. निळ्या भुवया, गालावर ढग, डोळ्याच्या कोपऱ्यात पारिजातकाचं फूल, काहीही चालतं. ‘मी सुंदर दिसतेय का?’ या प्रश्नाऐवजी ‘आज काय काढू?’ हा प्रश्न पडायला लागला, की समजायचं आपण या वाटेला लागलो.

‘तोंडाला काय रंग फासलायस!’ असं घरात कुणी म्हणालंच, तर त्यांना कोकणातल्या दशावताराची आठवण करून द्या. तिथले कलाकार नाटकाआधी आरसा पुढ्यात घेऊन स्वतःची रंगभूषा स्वतःच करतात. देव, राक्षस, राजा, राणी सगळे त्याच पेटाऱ्यातून निघतात. केरळमधल्या कथकलीत तर चेहऱ्याचा रंग बघूनच पात्र ओळखता येतं. हिरवा चेहरा म्हणजे सज्जन नायक. आपल्याकडे रंगभूषाकार हा शब्द मानाने उच्चारला जातो. विक्रम गायकवाड यांना ‘बालगंधर्व’ आणि ‘द डर्टी पिक्चर’ या दोन चित्रपटांच्या रंगभूषेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा त्यांनी घडवलेले चेहरे आठवून अख्खी सिनेसृष्टी हळहळली. म्हणजे चेहऱ्यावर रंगाने गोष्ट सांगणं ही आपल्या मातीतलीच कला आहे. नवा आहे तो फक्त फोन.

फोनची, म्हणजे व्हिडीओची गोष्ट सुरू झाली २००७ च्या सुमाराला. यूट्यूब तेव्हा अवघं दोन वर्षांचं होतं. मिशेल फान या अमेरिकी मुलीने घरबसल्या मेकअप शिकवणारे व्हिडीओ टाकायला सुरुवात केली आणि त्यातून एक नवा व्यवसायच जन्माला आला. २०१९ मध्ये ‘युफोरिया’ ही अमेरिकी मालिका आली. तिच्यातल्या मुलींच्या डोळ्यांभोवतीची चमक, खडे आणि निऑन रेषा जगभरच्या कॉलेजांत पोचल्या. डोनिएला डेव्ही यांच्या टीमला त्या मेकअपसाठी २०२० मध्ये एमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी जूनअखेर आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली, जुलैमध्ये इन्स्टाग्रामने रील्स आणले आणि लॉकडाउनमध्ये घरात अडकलेल्या पोरापोरींनी आरशासमोर बैठक मारली.

आजीचा मेणाचा डबा

आता मुद्द्याचं. रीलमधला पिवळाधम्मक रंग तुमच्या पापणीवर मातकट का दिसतो?

उत्तर आजीकडे आहे. पूर्वी बायका कुंकू लावायच्या तेव्हा आधी कपाळावर मेण लावायच्या आणि त्यावर कुंकू टेकवायच्या. मेणाशिवाय कुंकू टिकायचं नाही, ओघळायचं. आज आपण ज्याला ‘प्राइमर’ म्हणतो, त्याचं काम हेच. कोरडा रंग नुसत्या त्वचेवर धरत नाही, त्याला खाली काहीतरी चिकट लागतं.

दुसरी गोष्ट त्वचेच्या रंगाची. आपली कातडी गव्हाळ, सावळी, काळी. पांढऱ्या कागदावर पिवळा खडू जसा दिसतो, तसा तो खाकी कागदावर दिसत नाही, हे आपण शाळेतच शिकलोय. गोऱ्या त्वचेवर केलेला व्हिडीओ बघून सावळ्या पापणीवर तोच पिवळा लावला, तर तो बुडणारच. यात त्वचेचा काही दोष नाही. ज्याने शिकवलं, त्याने ही पायरी सांगितली नाही इतकंच. उपाय सोपा आहे. जिथे झगझगीत रंग हवा असेल, तिथे आधी पांढऱ्या क्रीम बेसचा किंवा पांढऱ्या आयपेन्सिलचा पातळ थर द्या. भिंतीला रंग देण्याआधी पांढरा हात मारतात, तसाच.

उलट सावळ्या त्वचेची स्वतःची एक कमाईही आहे. गडद जांभळा, तांबूस सोनेरी, मोरपंखी हे रंग तिच्यावर जे खुलतात त्याला तोड नाही. आपल्याकडे साड्यांच्या दुकानात रंगांची नावंच बघा ना. राणी, चिंतामणी, आमसुली, अबोली, डाळिंबी, शेवाळी. हे सगळे रंग आपल्या कातडीला शोभतात म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या कपाटात टिकलेत. महागडी विदेशी पॅलेट मागवण्याआधी आईचं कपाट उघडा. एक साडी निवडा. तिच्यातले तीन रंग उचला. झाली तुमची पॅलेट.

करून बघू : पैठणीचा मोर

मी स्वतः सगळ्यात जास्त वेळा केलेला लुक पैठणीवरचा आहे. पहिल्यांदा दोन तास लागले होते, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री घेऊन बसू नका. रविवारची दुपार उत्तम.

आधी चेहरा धुऊन हलकं मॉइश्चरायझर लावा. पापणीवर प्राइमर किंवा कन्सीलरचा अगदी पातळ थर द्या. फाउंडेशन आत्ता नको. डोळ्याचं काम करताना रंगाची पूड गालावर सांडते. खाली फाउंडेशन असेल तर ती त्यात मिसळून गालाचा पार चिखल होतो. म्हणून डोळे आधी, त्वचा नंतर.

आता पांढऱ्या पेन्सिलने आकार आखून घ्या. आखताना आरशात सरळ बघा, डोळे उघडे ठेवून. हे मला फार उशिरा कळलं. डोळा मिटून काढलेलं सुंदर चित्र डोळा उघडला की पापणीच्या घडीत गडप होतं. आपल्यापैकी अनेकांची पापणी किंचित झाकलेली असते, त्यामुळे मुख्य नक्षी घडीच्या वर काढायची.

आकाराच्या आत पांढरा बेस भरा. मग नाकाकडच्या कोपऱ्यात पोपटी, मध्ये मोरपंखी आणि बाहेरच्या कोपऱ्यात गडद निळा. रंग ब्रशने दाबून बसवा, घासू नका. घासला की खालचा पांढरा वर येतो आणि सगळं फिकुटतं. दोन रंग जिथे भेटतात तिथेच फक्त स्वच्छ, कोरडा ब्रश गोलगोल फिरवा. शेजारी कुठले रंग ठेवायचे यालाही एक हिशोब आहे. पिवळा आणि निळा भेटले की हिरवा होतो, म्हणून मोराचे रंग एकमेकांत छान विरघळतात. पण निळ्यात नारिंगी मिसळलात तर मातीचा रंग होईल. असे विरुद्ध रंग हवेच असतील तर मध्ये बोटभर नाही, पण रेघभर तरी मोकळी जागा सोडा.

आता काठ. पैठणीच्या नारळी काठावर त्रिकोणांची रांग असते. सोनेरी लायनर आणि बारीक ब्रश घ्या आणि पापणीच्या घडीच्या वर छोटे छोटे त्रिकोण काढा. पाच-सहा पुरे. चित्रकलेचा शून्य नंबरचा नवा ब्रश यासाठी झकास चालतो, फक्त तो धुऊन घ्या आणि पुन्हा पोस्टर कलरमध्ये बुडवू नका.

शेवटी मोर. अख्खा मोर डोळ्यावर मावत नाही, त्याचा हट्ट धरला की कोंबडी होते. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून कानशिलाकडे एक वळणदार रेघ न्या, ती झाली मान. टोकाला बारीकशी चोच. डोक्यावर तीन टिंबं, तो तुरा. बास. बाकीचा मोर बघणारा आपल्या मनाने पूर्ण करतो. रेघ वाकडी गेली तर सगळं पुसू नका. कानकाडीला मायसेलर वॉटर लावून तेवढीच कड साफ करा. काजळ, मस्कारा लावा, गालावरची पूड झटका, मग फाउंडेशन. ओठांना साधा डाळिंबी. डोळे एवढं बोलत असताना ओठांनी गप्प बसलेलं बरं.

दुसरा डोळा पहिल्यासारखा होणार नाही. कुणाचाच होत नाही. दोन्ही डोळे एकदम करत जा, म्हणजे इकडे एक पायरी, तिकडे तीच पायरी. एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे गेलात तर तोवर हात आणि उत्साह दोन्ही थकलेले असतात.

‘ताई, तुमचा व्हिडीओ बघून केलं होतं’

आता ती गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी गॅदरिंगच्या सीझनला मी एक व्हिडीओ टाकला होता. पापणीवर चांदण्या. शेवटच्या पायरीला मी म्हणाले होते, ‘आणि आता मस्तपैकी ग्लिटर!’ बस्स, एवढंच. कुठलं ग्लिटर, कशाने चिकटवलं, काही नाही. माझ्या हातात होतं ते मेकअपचं ग्लिटर आणि त्यासाठीचा ग्लू. मला वाटलं, हे काय सांगायचं? सगळ्यांना माहीत असतं.

चार दिवसांनी एका मुलीचा मेसेज आला. अकरावीतली होती. सोबत फोटो होता. एक डोळा लालभडक, सुजून अर्धा मिटलेला. तिच्या गावात मेकअपचं ग्लिटर मिळत नाही. तिने स्टेशनरीच्या दुकानातली चमकी आणली होती, प्रोजेक्टच्या तक्त्यावर लावतात ती. नाच करताना घाम आला, चमकी डोळ्यात गेली, तिने डोळा चोळला. डॉक्टरांनी सांगितलं की बुबुळावर ओरखडा आलाय. डोळा धुऊन औषधाचे थेंब दिले आणि काही दिवस वाचन बंद. तिची चाचणी परीक्षा बुडाली.

मेसेजचं शेवटचं वाक्य होतं, ‘सॉरी ताई, तुमचा व्हिडीओ बघून केलं होतं, माझंच काहीतरी चुकलं असेल.’

चुकलं माझं होतं आणि सॉरी ती म्हणत होती. त्या रात्री मी तो व्हिडीओ पुन्हा बघितला. दिसायला सुरेख होता. भरपूर लाइक्स होते. आणि त्यात एका शब्दाची कमतरता होती. तो शब्द बोलायला मला दोन सेकंदही लागले नसते. तिचा डोळा सुदैवाने पूर्ण बरा झाला. मी तो व्हिडीओ काढून टाकला आणि त्याच लुकचा नवा केला. त्यात काय झालं होतं ते, तिचं नाव न घेता, सांगितलं. त्याला पहिल्याच्या निम्मेही लाइक्स मिळाले नाहीत. पण ‘मीही तीच चमकी आणली होती, फेकून दिली’ असे तीन मेसेज आले.

तेव्हापासून ट्युटोरियल या शब्दाकडे मी वेगळ्या नजरेने बघते. नुसता लुक दाखवणं वेगळं. ‘असं करा’ म्हणणं वेगळं. ‘असं करा’ म्हटलं की समोरच्याचा डोळा तुमच्या भरवशावर असतो.

डोळ्याजवळ काय नको?

म्हणून हा भाग जरा नीट वाचा आणि व्हिडीओ करत असाल तर तुमच्या व्हिडीओतही सांगा.

स्टेशनरीची चमकी डोळ्याजवळ अजिबात नको. ती प्लास्टिकच्या पत्र्याची कापलेली बारीक टिकली असते, तिला धारदार कोपरे असतात. मेकअपचं ग्लिटर त्याहून बारीक आणि गोलसर कापलेलं असतं. तेही डोळ्यात गेलं तर त्रास होतोच, म्हणून पापणीच्या कडेला न लावता वर, घडीच्या आसपास लावा आणि त्यासाठीच्या ग्लूनेच चिकटवा. रांगोळी आणि रंगपंचमीचे रंग तर लांबच ठेवा. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. अंगणात ती शोभते, पापणीवर नाही. फेविकॉल, पोस्टर कलर, अ‍ॅक्रिलिक कलर, नेलपेंट यांचंही तेच.

निऑन रंग घेताना डबीची मागची बाजू वाचा. बऱ्याच निऑन रंगांवर ‘डोळ्यांभोवती वापरण्यासाठी नाही’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. अमेरिकेत तर निऑनसाठी वापरली जाणारी काही रंगद्रव्यं डोळ्यांभोवती वापरायला परवानगीच नाही. ते गालावर, कपाळावर वापरा. डबीवर उघड्या बरणीचं छोटं चित्र आणि त्यात १२, ६ असा आकडा असतो. उघडल्यापासून तितके महिने ती वस्तू वापरायची. मस्कारा तर तीन ते सहा महिन्यांत बदललेलाच बरा.

नवीन काहीही चेहऱ्यावर लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडंसं लावून एक दिवस थांबा. खाज, पुरळ, आग काही नसेल तर पुढे जा. आणि हॉस्टेलमध्ये एकच काजळ चौघींत फिरतं, ते आधी थांबवा. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली होती, आठवतंय ना? डोळे आलेले असताना मेकअप नाहीच आणि बरे झाल्यावर तेव्हा वापरलेलं काजळ-मस्काराही सरळ टाकून द्यायचं. डोळ्यात काही गेलंच तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा आणि टोचणं थांबलं नाही तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

कॅमेरा, खिडकी आणि स्टीलचा डबा

व्हिडीओसाठी काय काय विकत घ्यायला लागेल, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. सुरुवातीला जवळपास काहीच नाही.

प्रकाश खिडकीचा घ्या. खिडकीकडे तोंड करून बसा, पाठ करून नाही. ट्यूबलाइट बंद करा, कारण खिडकीचा उजेड आणि घरातला दिवा यांचे रंग वेगवेगळे असतात आणि अर्धा चेहरा निळसर, अर्धा पिवळट दिसतो. तुमच्या मोरपंखीचं काय होईल त्यात, विचार करा. ऊन थेट तोंडावर येत असेल तर खिडकीला पांढरी ओढणी लावा.

फोनला स्टॅण्ड नसेल तर पोह्यांचा स्टीलचा डबा आणि त्यावर दोन जाडजूड पुस्तकं. मागचा कॅमेरा चित्र चांगलं देतो, पण स्वतःला बघता येत नाही, म्हणून फोनच्या बाजूलाच आरसा ठेवा. रेकॉर्ड करण्याआधी स्क्रीनवर आपल्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये तिथे फोकस आणि उजेड लॉक होतो. नाहीतर ब्रशचा हात मध्ये आला की चेहरा धूसर होतो आणि रंग क्षणाक्षणाला बदलत राहतात.

दोन तास सलग शूट करू नका, फोनचं पोट भरतं. प्रत्येक पायरीची छोटी क्लिप घ्या. आवाज नंतर रेकॉर्ड करा. पंखा बंद, कपाटाचं दार उघडं आणि तोंड कपड्यांकडे. कपडे आवाजाचा घुमारा शोषून घेतात. हसू नका, माझे कितीतरी व्हॉइसओव्हर आईच्या साड्यांना सांगून झालेत.

आणि बोला मराठीत. ‘क्रीज’ला ‘पापणीची घडी’ म्हणा, ‘ब्लेंड’ला ‘मिसळून घ्या’ म्हणा. प्राइमर, ग्लिटर हे शब्द सगळ्यांना कळतात, ते राहू देत. इंग्रजीत शिकवणारे हजारो आहेत. गडहिंग्लजच्या किंवा परभणीच्या मुलीला तिच्या भाषेत, तिच्या रंगाच्या चेहऱ्यावर, तिच्या बाजारात मिळणाऱ्या वस्तू वापरून शिकवणारं कुणी भेटलं, तर ती त्या व्हिडीओला चिकटून राहते.

खरं खरं सांगा

पाच गोष्टी मी आता प्रत्येक व्हिडीओत सांगते. किती वेळ लागला. कुठे चुकलं आणि कसं सुधारलं. डोळ्याजवळ काय लावलं आणि त्याऐवजी काय लावायचं नाही. कल्पना कुणाची. आणि वस्तू माझ्या पैशांची की फुकट आलेली.

फिल्टर वापरत नाही. मेकअपच्या व्हिडीओवर त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर लावणं म्हणजे गणिताच्या उत्तरपत्रिकेत फक्त उत्तर लिहिणं. समोरच्याला पायऱ्या हव्यात. त्याला आपल्या पापणीवर सुरकुती दिसते आणि तुमच्या नाही, तेव्हा तो स्वतःला नापास करून टाकतो.

शिकवण्यातली उदारता कशी असते, ते पॅट मॅक्ग्रा यांच्याकडून बघावं. मेकअपच्या जगातलं फार मोठं नाव. जानेवारी २०२४ मध्ये पॅरिसमधल्या मेझों मार्जिएलाच्या शोमध्ये त्यांनी मॉडेल्सचे चेहरे चिनी मातीच्या बाहुल्यांसारखे काचेरी चकचकीत केले होते. हे केलं कसं, याचा शोध लावण्याच्या मागे जगभरचे मेकअपवाले लागले. घरोघरी प्रयोग झाले, व्हिडीओ आले. गुपित सांभाळून ठेवणं त्यांना सहज शक्य होतं. पण काही दिवसांतच त्यांनी स्वतः ऑनलाइन मास्टरक्लास घेतला आणि सांगून टाकलं. सोलून काढायचे फेस मास्क एअरब्रशने थरावर थर फवारले होते. एवढ्या मोठ्या बाई सांगतात, तर आपण प्राइमर कुठला लावला ते लपवून काय मिळवणार?

कल्पनेचं श्रेय द्या. दुसऱ्याचा लुक करून बघणं चूक नाही, सगळे तसंच शिकतात. पण नाव घ्या. वारली नक्षी पापणीवर काढताय? मग ही पालघर-डहाणू भागातल्या वारली समाजाची कला आहे, हे एका वाक्यात सांगा. तुमचा व्हिडीओ त्याने छोटा होत नाही.

आणि पैशांचं. थोडे फॉलोअर्स जमले की ‘आमचं प्रॉडक्ट फ्री पाठवतो, फक्त चांगलं बोला’ असे मेसेज येतात. पहिल्यांदा आला तेव्हा मी हवेत होते. पण लक्षात घ्या, पैसे घेतले किंवा वस्तू फुकट घेतली तर ते बघणाऱ्याला स्पष्ट सांगावं लागतं. जाहिरात क्षेत्राच्या ‘आस्की’ या संस्थेने २०२१ मध्ये तशी नियमावली आणली आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. दंडाची भीती बाजूला ठेवा. ज्या मुलीने महिनाभर पॉकेटमनी साठवून तुमच्या शब्दावर एक पॅलेट घेतली, तिचा विचार करा.

कमेंट्सचं काय करायचं?

येणारच आहेत. ‘जोकर’, ‘होळी आहे का आज?’, ‘काळ्या तोंडाला कशाला हे?’ मुलगा असाल तर आणखी वाईट. आयशॅडो लावलेल्या मुलाला काय काय ऐकावं लागतं ते इथे छापण्यासारखं नाही. गंमत अशी की ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांना डोक्यावर घेतलं, त्यांच्यासारखी नेसणी आणि दागिने घरोघरच्या बायकांनी उचलले, त्याच महाराष्ट्रातून हे लिहिलं जातं. मुलग्यांनो, तुमच्यामागे खूप मोठी परंपरा उभी आहे, एवढं ध्यानात ठेवा.

माझा नियम साधा आहे. ‘डावा डोळा वर गेलाय’ ही टीका आहे, ती वाचायची. ‘तुझं तोंड बघ’ ही टीका नाही, ती डिलीट करायची, ब्लॉक करायचं. धमकी किंवा घाणेरडं काही असेल तर स्क्रीनशॉट ठेवून घरी किंवा विश्वासातल्या शिक्षकांना सांगायचं. एकट्याने रात्री दोन वाजता वाचत बसायचं नाही. मन अगदीच खट्टू झालं तर काही दिवस फक्त स्वतःसाठी मेकअप करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. प्रत्येक मोर पोस्ट करायलाच हवा असं कुठे आहे?

शेवटची पायरी

सगळ्या व्हिडीओंत गाळली जाणारी एक पायरी राहिली. पुसणं.

दोन तास खपून केलेला मोर झोपण्याआधी धुवायचाच असतो. कापसावर क्लींझिंग ऑइल किंवा मायसेलर वॉटर घ्या, मिटलेल्या पापणीवर पंधरा-वीस सेकंद नुसतं टेकवून ठेवा, रंग आपोआप सुटतो. मग खालच्या दिशेला हलकेच ओढा. ग्लिटर असेल तर आधी चिकटपट्टीचा तुकडा हाताच्या पाठीवर दोन-तीनदा टेकवून त्याचा जोर कमी करा आणि मग घडीच्या वर अलगद टेकवून कण उचला. डोळ्याच्या कडेला पट्टी न्यायची नाही. शेवटी फेसवॉश आणि मॉइश्चरायझर.

पहिल्यांदा पुसताना फार जिवावर येतं. अंगणातली रांगोळीही संध्याकाळपर्यंत पुसली जाते, पण सकाळी काढणारी बाई तेवढ्याच मन लावून काढते, हे आठवायचं. उद्या पुन्हा कोरी पापणी मिळते. किती छान ना?

तर आता परत त्या बेसिनपाशी या. साडेअकराचे साडेबारा झालेत. फोन बंद करा, ते चाळीस सेकंदांचं रील राहू दे. पापणी पुसा, आधी आजीचं मेण, म्हणजे प्राइमर लावा, त्यावर पांढरा हात मारा आणि मग निळा टेकवून बघा. दिसला? उद्या हे कुणाला तरी शिकवायची इच्छा होईल तुम्हाला. जरूर शिकवा. फक्त त्या मुलीला पांढऱ्या थराचं सांगायला विसरू नका. आणि चमकीचं तर नक्कीच सांगा.